इंजिन ऑइलमध्ये डिझेल शिरते कुठून?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

डिझेल गाडीच्या डिपस्टिकवर (ऑइलची पातळी मोजण्याच्या पट्टीवर) ऑइल खाली गेलेले दिसले की मालक लगेच गॅरेज गाठतो. तेच ऑइल वरच्या खुणेच्या पुढे गेलेले दिसले, तर ‘आपली गाडी ऑइल खात नाही’ म्हणून त्याला उलट बरे वाटते. वास्तविक इंजिनातले ऑइल आपोआप वाढत नसते. ते वाढले असेल, तर कोणी तरी जास्त ओतलेले असते, कूलंट आत आलेले असते, नाही तर डिझेल आत आलेले असते. यांपैकी तिसऱ्या कारणाचे निदान गॅरेजांतून फार घाईने केले जाते, त्या घाईत धडधाकट इंजेक्टर (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे भाग) बदलले जातात आणि खरा दोष जागच्या जागी राहतो, असा माझा स्वतःचा अनुभव आहे. या विषयावर थोडे सविस्तर लिहीत आहे. लांबीबद्दल क्षमा असावी.

माझी गाडी कॉमन रेल इंजिनाची, म्हणजे सर्व इंजेक्टरांना एकाच सामाईक नळीतून (रेलमधून) उच्च दाबाने डिझेल पुरवणाऱ्या इंजिनाची आहे. ऑइल बदलल्यानंतर दोन हजार किलोमीटरांच्या आत ते वरच्या खुणेपेक्षा सहा मिलिमीटर वर चढलेले मला दिसले. गॅरेजमध्ये सांगण्यात आले की मागच्या वेळी जास्त भरले गेले असेल, आणि जादा ऑइल काढून टाकण्यात आले. पुढच्या दीड हजार किलोमीटरांत ते पुन्हा चढले. या वेळी इंजेक्टरांची रिटर्न चाचणी (प्रत्येकातून किती डिझेल परत जाते ते मोजणारी) झाली, एका इंजेक्टरचा रिटर्न इतरांपेक्षा थोडा जास्त निघाला आणि एवढ्या पुराव्यावर चारही इंजेक्टर बदलण्यात आले. ऑइल तरीही वाढतच राहिले. त्यानंतर मात्र मी एक वही घातली आणि या विषयाच्या मुळाशी जायचे ठरवले.

हा दोष किती गंभीर आहे हे आधी स्पष्ट करतो. एसएई ४० दर्जाच्या ऑइलचा दाटपणा १०० अंश सेल्सिअसला १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक (दाटपणाचे एकक) यांच्या दरम्यान असावा लागतो. डिझेलचा दाटपणा मात्र ४० अंशांवरच साधारण २ ते ४.५ सेंटिस्टोक असतो, म्हणजे गरम झाल्यावर तो आणखी घटतो. अशा पातळ द्रवाचे थोडेसे मिश्रणही क्रँकच्या बेअरिंगांमधला, कॅमवरचा आणि टर्बोच्या शाफ्टभोवतीचा ऑइलचा थर दुबळा करते. ऑइलचा दाब, विशेषतः गरम इंजिन आयडलिंगवर असताना, खाली येऊ लागतो. ऑइलमधली झीजरोधक आणि मळ धरून ठेवणारी रसायनेही त्याच प्रमाणात विरळ होतात. याहून भीतिदायक गोष्ट अशी की चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाशी ऑइल साठते त्या भांड्यात, द्रवाची पातळी फार वाढली, तर क्रँक त्यात घुसळते, फेस होतो, आणि ब्रीदरच्या (चेंबरमधली वाफ बाहेर काढणाऱ्या) नळीवाटे ऑइल व डिझेल यांचे मिश्रण इनटेकमध्ये (हवा आत घेण्याच्या वाटेत) ओढले जाऊन इंजिन त्यावरच चालू लागते. अशा वेळी किल्ली फिरवून इंजिन बंद होत नाही, कारण त्याला मिळणारे इंधन इंजेक्टरमधून येतच नसते. हवा तोडणे हाच उपाय उरतो: इनटेकचे तोंड मजबूत फळीने झाकावे, त्यात हात मात्र कधीही घालू नये. मॅन्युअल गिअरची गाडी असेल आणि ती चालकाच्या ताब्यात असेल, तर वरचा गिअर टाकून, ब्रेक घट्ट दाबून क्लच सोडला असता इंजिन गुदमरून थांबू शकते. म्हणून पातळी वरच्या खुणेच्या बरीच पुढे गेली असेल, तर निदान होईपर्यंत गाडी चालवू नये, हे उत्तम. काही उत्पादक तर यासाठी डिपस्टिकवर नेहमीच्या दोन खुणांच्या वर तिसरी खूण देतात. माझदा कंपनीच्या डिझेल गाड्यांवर ती इंग्रजी ‘एक्स’ अक्षराच्या रूपात असते आणि पातळी तिथवर गेली की ऑइल बदलावे, असा तिचा अर्थ असतो.

निदानाची सुरुवात मोजमापापासून व्हायला हवी. गाडी सपाट जागी उभी असावी, आणि मोजणी प्रत्येक वेळी सारख्याच स्थितीत व्हावी. मी सकाळी इंजिन सुरू करण्यापूर्वी पाहतो, कारण तोवर सगळे ऑइल चेंबरमध्ये उतरलेले असते. पातळी खुणेपासून किती मिलिमीटर आहे, किलोमीटरचा आकडा किती आहे आणि मधल्या काळात गाडी कशी चालली, या तीन नोंदी पुरतात. बऱ्याच मोटारींत डिपस्टिकच्या दोन खुणांमधले अंतर साधारण १ लिटरचे असते. सहा लिटर ऑइलच्या इंजिनात पातळी त्या अंतराच्या पावपटीने चढली, तर सुमारे २५० मिलिलिटर द्रव आत आला, म्हणजे मिश्रणात ४ टक्के डिझेल झाले. हा हिशेब कोणालाही करता येतो. त्यात एक फसवी जागा मात्र आहे. इंजिन स्वतः थोडे ऑइल जाळत असेल आणि तेवढेच डिझेल आत येत असेल, तर डिपस्टिक महिनोन्‌महिने एकाच जागी स्थिर दिसते. जुन्या इंजिनाची पातळी कधी तसूभरही उतरत नसेल, तर मी त्या इंजिनाचे कौतुक करण्याआधी त्याच्या ऑइलचा वास घेईन.

वासाबद्दलही सावध राहावे लागते. डिझेल इंजिनाच्या वापरलेल्या ऑइलला थोडा तसा वास असतोच, आणि दिवसभर डिझेलमध्ये हात बुडवलेल्या माणसाचे नाक या कामाला निरुपयोगी असते. ब्लॉटिंग पेपर किंवा गाळणकागदावर कोमट ऑइलचा एक थेंब सोडून काही तास आडवा ठेवला, तर मध्ये काजळीचा काळा ठिपका आणि बाहेर फिकट, रुंद, अर्धपारदर्शक कडे दिसते. डिझेल असेल तर ते कडे अधिक दूर पसरते. पण शुद्ध ऑइलसुद्धा थोडे पसरतेच, त्यामुळे एकट्या थेंबावरून काहीच ठरत नाही. मी त्याच ऑइलचा नवा डबा उघडून ९५ मिलिलिटर ऑइलमध्ये ५ मिलिलिटर डिझेल मिसळले आणि नवे ऑइल, हे मिश्रण व इंजिनातले ऑइल असे तीन थेंब शेजारी शेजारी ठेवले. त्याच तीन द्रवांच्या सारख्या बाटल्या एकाच वेळी तिरप्या केल्या, तर कोणते किती भरभर वाहते हेही डोळ्यांना दिसते. ही घरगुती तुलना आहे, तिला प्रयोगशाळेचा मान नाही. तरीही ‘बोटांमध्ये घासून पाहिले, पातळ वाटले’ यापेक्षा ती कितीतरी भरवशाची आहे. डिपस्टिकचे टोक ज्योतीत धरून ऑइल पेट घेते का ते पाहण्याची एक पद्धत अजून काही ठिकाणी चालते. ती धोक्याची आहे आणि तिने प्रमाणही कळत नाही. कूलंटची शक्यता याच टप्प्यावर निकालात काढावी: ऑइल दुधाळ किंवा पिवळसर फेसाळ दिसते का, आणि कूलंटच्या टाकीतली पातळी उतरते का, हे पाहिले की बहुधा पुरते.

प्रयोगशाळेत नमुना पाठवणार असाल, तर तो गरम इंजिनातून, ऑइल निथळत असताना मधल्या धारेतून स्वच्छ बाटलीत घ्यावा. पहिल्या धारेत तळाचा गाळ येतो. डिझेल ऑइलमध्ये पूर्ण विरघळते, पाण्यासारखे वेगळे राहत नाही, त्यामुळे ‘वर तरंगणारे डिझेल’ शोधण्याचा प्रयत्न व्यर्थ असतो. अहवाल वाचताना सर्वांत मोठी चूक दाटपणाच्या आकड्याबाबत होते. डिझेलमुळे ऑइल पातळ होते, पण काजळीमुळे ते दाट होते, आणि दोन्ही एकाच वेळी घडत असतील तर दाटपणाचा आकडा अगदी ठीक दिसू शकतो. उलट, दाटपणा टिकवणारे पॉलिमर घासून तुटल्यामुळे किंवा हलक्या दर्जाचे ऑइल टॉपअपसाठी वापरल्यामुळेही आकडा खाली येतो, त्यात डिझेलचा काही संबंध नसतो. म्हणून ज्वलनांक (ज्या तापमानाला ऑइलची वाफ पेट घेऊ शकते ते) आणि इंधनाचे प्रत्यक्ष प्रमाण हे दोन्ही मागून घ्यावेत. नव्या इंजिन ऑइलचा ज्वलनांक सामान्यतः २०० अंशांच्या वर असतो आणि थोड्या डिझेलानेही तो लक्षणीय खाली येतो. प्रमाण टक्क्यांत हवे असेल, तर गॅस क्रोमॅटोग्राफीची (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारी) चाचणी सर्वांत खात्रीची. डिझेल इंजिनाच्या वापरलेल्या ऑइलसाठी एएसटीएम डी ३५२४ ही प्रमाणित पद्धत त्याच तत्त्वावर आहे. मर्यादा उत्पादकानुसार बदलते, पण २ टक्क्यांच्या पुढे लक्ष ठेवणे आणि ५ टक्क्यांच्या आसपास ऑइल टाकून देणे हा सर्वसाधारण प्रघात आहे. त्याच अहवालात शिसे आणि तांबे वाढलेले दिसले, तर बेअरिंगांना झळ पोचू लागली असे समजावे.

डिझेल आत येते आहे एवढे सिद्ध झाले की खरा प्रश्न सुरू होतो, आणि तो म्हणजे ते कोणत्या वाटेने येते. इथे पहिली फारकत काजळीच्या गाळणीशी, म्हणजे डीपीएफशी संबंधित आहे. ही गाळणी भरली की तिच्यातली काजळी जाळण्यासाठी सायलेन्सरच्या वाटेतले तापमान सुमारे ६०० अंशांपर्यंत न्यावे लागते. त्यासाठी अनेक इंजिनांत पिस्टन खाली उतरत असताना उशिरा थोडे जादा डिझेल सोडले जाते. ते सिलिंडरमध्ये न जळता पुढे कॅटॅलिस्टवर जळावे, अशी अपेक्षा असते. त्या वेळी बोअरची (सिलिंडरची आतली) भिंत उघडी असते, तिच्यावर काही डिझेल चिकटते आणि रिंगा ते खरवडून खाली चेंबरमध्ये नेतात. गाळणी अशी जाळून साफ करण्याच्या या क्रियेला रीजनरेशन म्हणतात; ते पूर्ण व्हायला साधारण १० ते २० मिनिटे लागतात. गाडी त्याआधीच थांबवली, तर पुढच्या फेरीत तो प्रयत्न पहिल्यापासून सुरू होतो, आणि प्रत्येक अर्धवट प्रयत्न आपला वाटा ऑइलमध्ये टाकून जातो. सायलेन्सरच्या नळीवरच स्वतंत्र इंजेक्टर बसवलेल्या इंजिनांत ही वाट मुळातच नसते, हे संशयितांच्या यादीतून एक नाव खोडण्यापूर्वी पाहून घ्यावे.

अशा वेळी ‘लांबची एक फेरी मारा, डिझेल उडून जाईल’ असा सल्ला सर्रास दिला जातो. तो अर्धाच खरा आहे. डिझेलची उकळण्याची व्याप्ती साधारण १८० ते ३६० अंश असते आणि चेंबरमधले ऑइल १०० अंशांच्या आसपास असते. त्यामुळे हलका भाग हळूहळू ब्रीदरवाटे निघून जातो, जड भाग राहतो. इंधनात बायोडिझेलचे मिश्रण असेल, तर त्याचा उत्कलनबिंदू व्याप्तीच्या वरच्या टोकाला असल्याने ते तर जवळपास तिथेच मुक्काम करते. लांबच्या फेरीने गाळणी साफ होते हा तिचा खरा फायदा. बिघडलेले ऑइल मात्र बदलावेच लागते.

रीजनरेशनचा संशय खरा की खोटा, हे स्कॅनर सांगू शकतो. शेवटचे पूर्ण रीजनरेशन किती किलोमीटरांपूर्वी झाले, किती प्रयत्न अर्धवट राहिले, काजळीचा हिशेबी साठा किती आणि राखेचा किती, हे आकडे बहुतेक आधुनिक गाड्यांत वाचता येतात. काहींत ऑइलमधील इंधनाचा अंदाजही दिलेला असतो. प्रयत्न वारंवार तुटत असतील, तर दोष चालवण्याच्या पद्धतीत असेल. पण गाडी लांब पल्ल्यावर चालते आणि तरीही दोन रीजनरेशनमधले अंतर आखडत चालले आहे, असे दिसले तर त्याच्यामागे आणखी एक कारण शोधावे लागते: उघडाच अडकलेला थर्मोस्टॅट, ज्यामुळे इंजिन कधी पुरते तापतच नाही, दाबातील फरक मोजणाऱ्या सेन्सरची चिरलेली नळी, टर्बोच्या पाइपातून निसटणारी हवा किंवा बिघडलेला ईजीआर व्हॉल्व्ह (जळालेला वायू थोडा पुन्हा इंजिनात सोडणारी झडप), ज्यांच्यामुळे काजळीच जास्त होते, किंवा राखेने भरून गेलेली, जळून साफ न होणारी गाळणी. अशा गाडीत नुसते ऑइल बदलणे म्हणजे गळत्या छपराखालची बादली ओतून पुन्हा तिथेच ठेवणे होय.

रीजनरेशनची बाजू स्वच्छ निघाली, तर मग गळती शोधायची. इथे एक साधा विचार उपयोगी पडतो. इंजिनाचा आराखडा समोर ठेवून, डिझेल आणि ऑइल यांच्यामध्ये फक्त एक सील किंवा एक पडदा आहे, अशा जागा मोजाव्यात. डिझेलच्या नळ्या आणि रिटर्न टॅपेट कव्हरच्या (इंजिनाच्या हेडवरच्या झाकणाच्या) बाहेर असतील, तर त्यांची गळती बाहेरच दिसेल, ऑइलमध्ये जाणार नाही. इंजेक्टर कव्हरच्या आत असतील किंवा इंधनाची वाट हेडमध्येच कोरलेली असेल, तर इंजेक्टरच्या ओ-रिंगा, आतले जोड किंवा इंजेक्टरच्या अंगाला गेलेला बारीक तडा संशयित ठरतो. जुन्या इंजिनांत ब्लॉकवर बसवलेल्या फीड पंपाचा डायफ्राम फाटला, तर डिझेल थेट चेंबरमध्ये जाते, आणि हा स्वस्तातला भाग सगळ्यात शेवटी आठवतो. टायमिंग गिअरवर चालणाऱ्या हाय प्रेशर पंपाच्या शाफ्टचे सील हीही अशीच एक जागा आहे. सिलिंडरमधून खाली येण्याची वाट याहून वेगळी आहे: नोझल थेंब टाकत असेल किंवा रिंगा झिजल्या असतील, तर सुरू करताना पांढरा धूर, एका सिलिंडरची ठोकर, स्कॅनरवर त्या सिलिंडरची इतरांपेक्षा वेगळी सुधारणा (संगणकाने त्याच्या इंधनात केलेली कमी-जास्ती), कॉम्प्रेशनमध्ये घट आणि बोरोस्कोपने (आत घालून पाहण्याच्या बारीक कॅमेऱ्याने) पाहिल्यास धुऊन निघाल्यासारखा ओलसर पिस्टनचा माथा, अशी सोबतची लक्षणे दिसतात.

आता रिटर्न चाचणीबद्दल, कारण माझे चार इंजेक्टर तिच्याच नावाने बदलले गेले. या चाचणीत प्रत्येक इंजेक्टरच्या रिटर्नला मापाची बाटली लावून, ठरावीक वेळात किती डिझेल परत येते ते पाहतात. त्यातून इंजेक्टरच्या आतल्या नियंत्रक व्हॉल्व्हची झीज कळते. गाडी सुरू व्हायला त्रास देत असेल, रेलचा दाब उभा राहत नसेल, तर ही चाचणी फार मोलाची आहे. पण बाहेरून जाणाऱ्या रिटर्नमधले डिझेल टाकीकडे जाते. ते जास्त आले म्हणून ऑइलमध्ये काही उतरत नाही. उलट, थेंब टाकणाऱ्या नोझलचा रिटर्न पूर्ण निर्दोष असू शकतो. रिटर्न चाचणीवरून ऑइलमधल्या डिझेलचे निदान करणे म्हणजे नळाचे मीटर वाचून भिंतीची ओल शोधणे. यात मेकॅनिकचा दुष्टावा असतो असे मला वाटत नाही. हाताशी असलेली चाचणी केली जाते आणि तिचे उत्तर समोरच्या प्रश्नाला चिकटवले जाते, एवढेच.

माझ्या वहीतल्या नोंदींनी शेवटी दिशा दिली. पातळी छोट्या फेऱ्यांत आणि लांबच्या प्रवासांत किलोमीटरमागे जवळपास सारख्याच वेगाने वाढत होती. रीजनरेशनमधली अंतरे नियमित होती, धूर नव्हता, सिलिंडरांच्या सुधारणा एकमेकींजवळ होत्या. दुसऱ्या एका मेकॅनिकने डिझेलमध्ये इंधनासाठीचा चमकणारा रंग घातला, मला थोडे अंतर चालवायला लावले आणि टॅपेट कव्हर काढून अतिनील दिव्याखाली हेड पाहिले. हेडचे वरचे भाग स्वच्छ होते. चमक फक्त डिपस्टिकवरच्या ऑइलला होती. म्हणजे डिझेल नक्की येत होते, पण वरून येत नव्हते. मग हाय प्रेशर पंप उतरवून, त्याची परतीची वाट बंद करून, इनलेटला हाताच्या प्रायमरने हलका दाब दिला गेला. मिनिटभरात शाफ्टच्या सीलच्या कडेने थेंब दिसू लागला. सगळा तपास दोन दिवसांत, एकही भाग न बदलता झाला होता.

दुरुस्तीनंतरचा एक तपशील अनेकदा राहून जातो. ऑइल आणि फिल्टर बदलले, तरी ऑइलच्या वाटांमध्ये आणि कूलरमध्ये जुने मिश्रण थोडे शिल्लक राहते, त्यामुळे लगेच घेतलेला नमुना फसवतो. मी नवे ऑइल घालून त्याच सकाळच्या स्थितीत पातळी नोंदवली, ५०० आणि १००० किलोमीटरांना पुन्हा पाहिली, आणि मगच नमुना पाठवला. तीनही नोंदींत पातळी त्याच रेघेवर होती.

आपल्या वृत्तपत्राच्या माध्यमातून गॅरेजचालकांना माझी विनंती एवढीच आहे की, ऑइल वाढल्याची तक्रार घेऊन आलेल्या गाडीचे काहीही उघडण्यापूर्वी जॉबकार्डवर पातळी मिलिमीटरमध्ये लिहावी, डीपीएफ असलेल्या गाडीचे रीजनरेशनचे आकडे स्कॅनरवरून उतरवून घ्यावेत आणि कोणता भाग कोणत्या चाचणीच्या आधारे बदलला, तेही तिथेच नमूद करावे. वाहनधारकांनीही ते कार्ड मागून घ्यावे.

कळावे,
आपला नम्र,
एक डिझेल वाहनधारक